बंद घराचा मीटर फिरतो तेव्हा

तीन वर्षांत तुम्ही सहा रहस्यकादंबऱ्या सुरू केल्यात आणि सहाही सातव्या-आठव्या प्रकरणात अडकल्या. कल्पना कुठून आणता, रोज किती लिहिता आणि या अडकलेल्यांचं काय करू, असं तुम्ही विचारलंत. तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे. मी २६ वर्षं रहस्यकथाच लिहिते आहे. १९ कादंबऱ्या छापून झाल्या. माझीही चार हस्तलिखितं नेमकी तुमच्यासारखीच सातव्या-आठव्या प्रकरणात थांबली होती आणि त्यातली तीन पुढे पूर्ण झाली. कशी, ते शेवटी सांगते.

आधी कल्पनेचं बघू. रहस्यकथा लिहायची म्हटलं की नवा लेखक गुन्ह्यांच्या बातम्या कापून ठेवायला लागतो. मीही ठेवत होते, दोन जाडजूड फायली भरल्या होत्या. माझी तिसरी कादंबरी त्या फायलींतल्या एका बातमीतूनच आली. नावं बदलली, शहर बदललं, नवऱ्याचा व्यवसाय बदलला. पुस्तक बरं खपलं. वर्षभराने प्रकाशकांमार्फत एक पत्र आलं, चार ओळींचं. लिहिणारी त्या बातमीतल्या मृत बाईची बहीण होती. रागाचा एक शब्दही त्यात नव्हता. ‘तिच्या उशाशी सापडलेली निळी बाटली तुम्ही तशीच ठेवलीत, म्हणून ओळखलं,’ एवढंच लिहिलं होतं. ती बाटली मला बातमीत सापडली होती आणि फार आवडली होती. इतकी ‘छान’ वस्तू सोडायची कशाला, असं वाटलं होतं. त्या बाईने ते पुस्तक कुठे उघडलं असेल, किती पानं वाचली असतील, हा विचार आजही मला सोडत नाही. त्या दोन्ही फायली मी त्याच आठवड्यात फाडून टाकल्या.

हे फक्त नीतीचं म्हणून सांगत नाही, कारागिरीच्या दृष्टीनेही बातमी हा वाईट कच्चा माल आहे. बातमीत घटना आधीच आखीव होऊन येते. कोणी, कुठे, कशाने, हे ठरलेलं असतं आणि तुम्ही नुसते रंग भरता. मधल्या प्रकरणांत रंग संपतात, कारण तुमच्या स्वतःच्या मनात त्या घटनेबद्दल एकही न सुटलेला प्रश्न नसतो. तुमच्या सहांपैकी किती कल्पना बातम्यांतून आल्या, हे एकदा मोजून बघा.

फायली फाडल्यावर जवळजवळ दीड वर्ष मला काहीच सुचलं नाही. मग एकदा पाण्याच्या मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसाशी फाटकात उभ्या उभ्या बोलणं झालं. मी सहज विचारलं, की एवढ्या घरांचे आकडे घेता, त्यातून माणसांबद्दल काही कळतं का? तो म्हणाला, ‘ताई, बंद घराचा मीटर फिरलेला दिसला की मी दार वाजवून बघतो. बहुतेक वेळा नळ गळत असतो.’ बहुतेक वेळा! मी त्याला थांबवून घेतलं आणि मीटर कसा वाचायचा ते शिकून घेतलं. काळे आकडे घनमीटर दाखवतात, म्हणजे एक आकडा पुढे सरकला की १००० लिटर. लाल भाग त्याखालचा हिशेब दाखवतो, अगदी लिटरपर्यंत. बिल काळ्या आकड्यांवर निघतं, त्यामुळे तो लाल आकडे लिहूनच घेत नसे.

त्या रात्री मी वहीत आकडेमोड करत बसले. थेंब थेंब गळणारा नळसुद्धा दिवसाला दहावीस लिटर पाणी घालवतो. दर दोन महिन्यांनी रीडिंग होत असेल तर काळा आकडा दर वेळी जवळपास सारखाच, एखाद्या अंकाने सरकेल. गळतीला सुटी नसते. पण समजा, एका बंद घराचा आकडा आठ महिने जागचा हलला नाही, नंतरच्या दोन महिन्यांत तीन अंक पुढे गेला आणि पुन्हा जागेवर थांबला. हे नळाचं काम असूच शकत नाही, तिथे माणूस राहून गेलाय. ३००० लिटर. मोकळेपणाने राहणाऱ्या माणसाला ते महिनाभरही पुरणार नाहीत. पण आवाज होऊ नये म्हणून फ्लश न ओढणारा, बादलीभर पाण्यात दिवस काढणारा माणूस तेवढ्यात दोन महिने लपून राहू शकतो. आणि मीटर वाचणाऱ्याने दर वेळी फक्त काळे आकडे लिहिले असतील, तर लाल आकड्यांत काय दडलंय हे अजून कोणालाच माहीत नाही.

एवढ्या सामग्रीवर मी तीन महिने चुकीच्या दिशेने घालवले, हेही सांगायला हवं. ‘घरात कोण होतं?’ हाच प्रश्न मी धरून बसले होते. कोणीही असू शकतं! फरारी, प्रेमिक, कर्जबुडवा, ज्याला बसवावं तो बसत होता आणि म्हणूनच कोणीच पक्का बसत नव्हता. नंतर प्रश्न बदलला: लपायला हेच घर का? त्या माणसाला कसं माहीत होतं, की मालक या दोन महिन्यांत येणार नाहीत? पाण्याचा मुख्य नळ बंद केलेला नाही, हे त्याला कोणी सांगितलं? या प्रश्नांना फार थोडी माणसं उत्तर म्हणून चालत होती. तिथून कादंबरी चार महिन्यांत लिहून झाली. तेव्हापासून मी कुठलीही कल्पना अशी तपासते: तिच्यातला प्रश्न जितका अरुंद, तितकी ती जास्त दिवस टिकते.

म्हणून आता माझी प्रेरणा लोकांच्या कामात आहे. कुलपं दुरुस्त करणारे, पुस्तकं बांधणारे, लिफ्टची देखभाल करणारे, प्रयोगशाळेत नमुने नोंदवणारे, रात्रपाळीला फोन घेणारे. प्रत्येक व्यवसायाला जगाची एक अशी बाजू दिसते जी बाकीच्यांना दिसत नाही, आणि रहस्यकथेचं सगळं बळ तिथेच असतं. अगाथा ख्रिस्तीचं उदाहरण यासाठी मला नेहमी आठवतं. पहिल्या महायुद्धात ती इस्पितळाच्या औषध विभागात काम करत होती आणि १९१७ मध्ये तिने औषधं तयार करण्याची परीक्षा दिली. मात्रा मोजणं, कशात काय मिसळलं की तळाशी काय साचतं, हे तिचं रोजचं काम होतं. १९२० मध्ये तिची पहिली कादंबरी आली, तेव्हा औषधनिर्मात्यांच्या व्यावसायिक नियतकालिकाने तिची दखल घेतली आणि विषाचं वर्णन अचूक असल्याचं कौतुकाने म्हटलं. त्या व्यवसायातल्या माणसांनी चूक काढू नये, ही परीक्षा मी स्वतःलाही लावून घेतली आहे. माझं मीटरचं हस्तलिखित मी त्या मीटरवाल्याला वाचायला दिलं होतं. त्याने दोन चुका काढल्या आणि दुसरी दुरुस्त करताना मला शेवटाआधीचं प्रकरण मिळालं.

कामाबद्दल विचारायचं कसं, हेही शिकावं लागतं. ‘तुमच्या कामात काही रहस्यमय घडलंय का?’ असं विचारलंत तर लोक ऐकीव गोष्टी सांगतात, त्या कामाच्या नसतात. मी विचारते: नवा माणूस कुठे चुकतो? तुम्हाला कशावरून कळतं की आधी कोणीतरी हात लावलाय? कागदावर एक लिहिलं जातं आणि प्रत्यक्षात दुसरंच होतं, असं कुठे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला माणसं थोडी घाबरतात. त्यांची नावं, जागा मी कुठेही लिहीत नाही आणि हे आधीच सांगते.

माझ्या वहीतल्या काही नोंदी सांगते, म्हणजे अंदाज येईल. मृतदेह हळूहळू थंड होतो आणि त्यावरून वेळेचा अंदाज काढतात; पण भोवतालची हवाच शरीराइतकी गरम असेल तर तो थंड होतच नाही. त्याच उष्णतेत ताठरपणा मात्र लवकर येतो आणि लवकर उतरतो. म्हणजे दोन घड्याळं दोन वेगळ्या वेळा दाखवणार. दुसरी नोंद: बोटाचा ठसा कोणाचा हे कळतं, पण तो कधी उमटला हे नुसत्या ठशावरून खात्रीने सांगता येत नाही. तिसरी: अनेक रंगीत लेझर प्रिंटर प्रत्येक पानावर डोळ्यांना न दिसणारे बारीक पिवळे ठिपके छापतात आणि त्यांत यंत्राचा क्रमांक आणि तारीख दडलेली असू शकते. चौथी: कॅलिब्री हा संगणकावरचा टंक (फॉन्ट) मायक्रोसॉफ्टच्या ‘ऑफिस २००७’बरोबर सर्वसामान्य वापरात आला, त्याआधीची तारीख घालून त्या टंकात छापलेला कागद समोर आला तर शंका घ्यायलाच हवी. यांतली पहिली नोंद मी वापरली आहे. बाकीच्या तुम्ही घ्या. माहिती कोणाच्याही मालकीची नसते, तिला जोडलेला माणूस आपला असतो.

नोंद म्हणजे कथा नव्हे. ‘फ्रँकेन्स्टाइन’ लिहिणाऱ्या मेरी शेलीच्या बाबतीत हे फार स्पष्ट दिसतं. १८१६ च्या पावसाळी उन्हाळ्यात जिनिव्हाजवळ तिने आणि सोबतच्या मंडळींनी भुताच्या गोष्टी लिहायच्या ठरवल्या. ती १८ वर्षांची होती. तिला रोज सकाळी विचारलं जाई, सुचली का गोष्ट? आणि रोज तिला नाही म्हणावं लागे, हे तिनेच पुढे १८३१ च्या प्रस्तावनेत लिहून ठेवलं आहे. भुतं शोधून तिला काही मिळालं नाही. निर्जीवात जीव आणता येईल का, यावर चाललेल्या गप्पा ती रात्री उशिरापर्यंत ऐकत बसली आणि त्यानंतर तिला निर्जीव देहात जीव आणणाऱ्या माणसाचं दृश्य दिसलं. वीज आणि स्नायू यांबद्दलची माहिती तेव्हा अनेकांना होती. पण जीव आणणाऱ्याला नंतर काय वाटेल, हे तिने विचारलं.

म्हणून माझ्याकडे दोन वह्या असतात. एकीत ‘कसं’ आणि दुसरीत ‘का’. मीटर, ठसे, टंक हे सगळं पहिल्या वहीत. दुसरीत माणसांच्या अशा वागण्याच्या नोंदी, ज्यांचं कारण मला कळलेलं नाही: निवृत्तीनंतरही रोज त्याच वेळी त्याच बसने जाणारा माणूस, घरातले सगळे फोटो काढून फक्त खिळे ठेवणारी बाई. या दोन वह्या मी मुद्दाम एकत्र करत नाही. महिन्यातून एकदा दोन्ही शेजारी उघडून बसते आणि पहिलीतल्या एखाद्या नोंदीला दुसरीतली कोणती नोंद हाक मारते ते बघते. बहुतेक महिने कोरडे जातात. वर्षाला एक जुळणी पुरते. ख्रिस्तीच्याही ७० हून अधिक वह्या शिल्लक आहेत आणि त्यांत कथानकांच्या टिपणांशेजारी घरातल्या याद्या आहेत. वही नीटनेटकी असण्याची गरज नाही, ती हाताशी असण्याची आहे.

आता रोजच्या लिखाणाचं. माझी वेळ सकाळची, साडेपाच ते साडेआठ. कारण पहिली १४ वर्षं मी नोकरी करत होते आणि दिवसातले तेवढेच तास माझे होते. नोकरी सुटली, वेळ तीच राहिली. दिवसाला ७०० ते ९०० शब्द. ८०,००० शब्दांचा पहिला खर्डा चार महिन्यांत होतो आणि दुसऱ्याला सहा लागतात. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप टपाल खात्याची नोकरी सांभाळून समोर घड्याळ ठेवून लिहायचा, दर पंधरा मिनिटांना २५० शब्द. बेल्जियन रहस्यकथाकार जॉर्ज सिमनॉन उलट टोकाचा: दिवसाला एक प्रकरण, सुमारे अकरा दिवसांत कादंबरी, आणि मध्ये ४८ तास आजारी पडलाच तर आधीची प्रकरणं फेकून द्यायची. असले आकडे वाचून मला पूर्वी धाप लागायची. आता त्यातून मी एकच घेते: दोघांनीही स्वतःच्या कथेला किती दिवस श्वास धरता येतो हे ओळखलं होतं. माझी कथा तीन दिवस न लिहिता जिवंत राहते, चौथ्या दिवशी माणसांचे आवाज पुसट व्हायला लागतात. म्हणून सलग तीन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देत नाही. तुमचा आकडा कदाचित एक असेल, कदाचित दहा. तो शोधा, शब्दसंख्या आपोआप ठरेल.

सिमनॉनची दुसरी सवय मला जास्त उपयोगी पडली. लिहायला बसण्याआधी तो एका पाकिटावर पात्रांची नावं, वयं, घरची माणसं मांडायचा. त्यातलं बरंचसं कादंबरीत येतही नसे. मी चौकटीच्या मोठ्या कागदावर तास मांडते. आडवे तास, उभी माणसं. सोमवारी संध्याकाळी सात वाजता प्रत्येक जण कुठे होता, अगदी ज्याचा गुन्ह्याशी संबंध नाही तोसुद्धा. एखादा चौकोन रिकामा राहिला की मला कळतं, या माणसाची मला अजून ओळख नाही. कागद भिंतीवर असतो आणि खर्डा संपेपर्यंत उतरत नाही.

लिहिण्याच्या काळात मी रहस्यकथा वाचत नाही. दुसऱ्याची लय फार पटकन बोटांत शिरते. न्यायालयीन निकालपत्रं, न्यायवैद्यकाची पाठ्यपुस्तकं, यंत्रांच्या माहितीपुस्तिका वाचते आणि कविता वाचते. लिहून झालेलं प्रकरण मोठ्याने वाचून बघते. संवादातली खोटी वाक्यं डोळ्यांना सापडत नाहीत, जिभेला सापडतात.

राहिली ती सातव्या प्रकरणाची अडचण. मला वाटतं तुमचं निदान चुकतंय. तुम्ही ‘मधे कल्पना संपतात’ असं म्हणता. पहिल्या सहा प्रकरणांत तुम्ही गुन्हा दाखवता, संशयित आणता, तपास सुरू करता. त्यानंतर तुमचा तपास करणारा एकाकडून दुसऱ्याकडे जातो, प्रश्न विचारतो, परत येतो. त्या सगळ्या काळात गुन्हेगार काय करतोय? बहुतेक अडकलेल्या कादंबऱ्यांत तो काहीच करत नसतो. शेवटच्या प्रकरणात पकडलं जाण्याची वाट बघत बसलेला असतो. माझ्या चारही हस्तलिखितांत हेच होतं. ज्याने एवढं धाडस केलं, तो माणूस तपास जवळ येताना शांत कसा बसेल? तो कोणाला तरी भेटेल, काहीतरी हलवेल, एखादं खोटं टिकवण्यासाठी दुसरं खोटं बोलेल. ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्यावर संशय जाताना बघून त्याची झोप उडेल. मधली प्रकरणं म्हणजे त्याच्या या हालचालींच्या सावल्या. तपास करणाऱ्याला सावल्या दिसतात, हालचाल शेवटी कळते.

शेवट आधी ठरवून मागे येण्याची रीत जुनीच आहे. इंग्रज लेखक विल्यम गॉडविनने १७९४ मध्ये आलेल्या ‘केलेब विल्यम्स’ या आपल्या पाठलागाच्या कादंबरीचा तिसरा खंड आधी रचला, मग दुसरा आणि सगळ्यात शेवटी पहिला, असं त्याने पुढे सांगितलं आहे. मला मात्र नुसता शेवट माहीत असून पुरलं नाही. माझ्या अडकलेल्या चारांपैकी दोहोंचा शेवट मला पहिल्या दिवसापासून माहीत होता. उपयोग झाला तो रोजनिशीचा. गुन्हेगाराच्या तोंडून, ‘मी’ वापरून, गुन्ह्याच्या आदल्या दिवसापासून पकडलं जाईपर्यंतची रोजनिशी मी लिहिते. वीस-पंचवीस पानं, हाताने. ती कधीही छापायची नसते, म्हणून भाषा सजवायची नाही. त्याने त्या दिवशी काय खाल्लं, कोणाचा फोन उचलला नाही, कशाची लाज वाटली, सगळं. साधारण दहाव्या पानावर तो असं काहीतरी करतो जे मी ठरवलेलं नसतं. मीटरच्या कादंबरीतला माणूस दहाव्या दिवशी त्या बंद घरातल्या कुंड्यांना पाणी घालायला लागला. लपून बसलाय, थेंब थेंब वाचवतोय, आणि तरी कुंड्यांना पाणी घालतोय. मालक परतल्यावर त्यांना हिरव्या कुंड्या दिसणार, हे लक्षात आलं तेव्हा मी लिहायची थांबले आणि बराच वेळ नुसती बसून राहिले.

चौथं हस्तलिखित मात्र रोजनिशीनेही उठलं नाही. पाचव्या पानावरच कळलं, की त्या गुन्हेगाराला सांगण्यासारखं काहीच नाही, मी त्याला फक्त धक्का देण्यासाठी निवडला होता. ते मी सोडून दिलं.

तुमच्या सहाही आत्ता एकदम उघडू नका. ज्या कादंबरीतल्या गुन्हेगाराबद्दल तुम्हाला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, ती एक निवडा. सहा प्रकरणांना हात लावू नका. एका नव्या वहीत त्याची रोजनिशी सुरू करा, गुन्ह्याच्या आदल्या संध्याकाळपासून, रोज दोन पानं. दहा-बारा दिवस लागतील. तो शेवटच्या पानापर्यंत बोलत राहिला तर सातवं प्रकरण काढा आणि त्या प्रकरणाच्या दिवशी तो कुठे होता ते रोजनिशीत बघून घ्या. मधेच गप्प झाला तर दुसरी वही आणि दुसरा माणूस घ्या.